घरासमोरचा रस्ता नेमका कोणाचा? (एपिसोडचा लिखित भाग)

आजचा विषय अगदी दारातला आहे: पार्किंग. ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून देतोय.

सुरुवात एका कबुलीने करतो. जुन्या जालन्यातली आमची गल्ली जेमतेम वीस फुटांची. मागच्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमारास समोरच्या काकूंना धाप लागली. १०८ ला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आलीही, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंना गाड्या! शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी काकूंना उचलून नेलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पण वाट अडवणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक माझी होती, आणि मी वरच्या खोलीत हेडफोन लावून क्लायंटच्या कॉलवर होतो. खालची आरडाओरड ऐकूच आली नाही.

आधी गणित करू

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गल्ली मोजली. वीस फूट म्हणजे साधारण ६ मीटर. आरसे धरून एक कार जवळपास २ मीटर जागा खाते. दोन्ही बाजूंना लावल्या की ४ मीटर गेले, उरले २. अ‍ॅम्ब्युलन्सच साधारण तेवढी रुंद असते, आणि अग्निशमनची गाडी त्याहून मोठी. एकाच बाजूला लावल्या, तर ४ मीटर मोकळे राहतात. म्हणजे आमच्या गल्लीत 'एकच बाजू' हा समजूतदारपणाचा नाही, साध्या वजाबाकीचा प्रश्न आहे.

मग एवढी गर्दी झाली कशी?

जुन्या वस्त्या कार येण्याआधीच्या. वाड्यांचे भाग पडले, मजले चढले, दर घरात दोन बाईक आणि हप्त्यावरची एक कार आली. रस्ता मात्र तेवढाच राहिला. बडी सडक, सिंधी बाजाराच्या आसपास राहणाऱ्यांना तर दिवाळीत खरेदीला आलेल्यांच्या गाड्याही दारात सापडतात. २०२३ मध्ये जालना महापालिका झाली, पण पाटी बदलल्याने गल्ली रुंद होत नाही.

नव्या इमारतींसाठी नियम आहेत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० ची. फ्लॅटच्या आकारानुसार किती पार्किंग हवं, हे त्यात ठरलेलं आहे. हे प्रमाण कमी केल्याने गाड्या रस्त्यावर येतील, अशी तक्रार घेऊन नवी मुंबईतून याचिका झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यावर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं होतं, की जागा नसताना एकाच कुटुंबाला चार-पाच गाड्या का घेऊ द्यायच्या?

आणखी एक लक्षात ठेवा. इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग ही सगळ्यांची सामाईक जागा आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. तिथे गोडाऊन झालं, की गाड्या आपोआप रस्त्यावर येतात.

"माझ्या घरासमोर आहे, म्हणजे माझी जागा!"

नाही. रस्ता सार्वजनिक आहे. दगड, ड्रम, कुंड्या ठेवून जागा 'धरता' येत नाही. पण उलटही खरं आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांनुसार कोणाच्या गेटसमोर, फुटपाथवर किंवा चौकाजवळ गाडी लावता येत नाही. गेट अडवू नका हे मागणं बरोबर आहे. पूर्ण भिंतीसमोरचा रस्ता माझा, हे नाही.

उपाय काय?

जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने जागेचा पुरावा दाखवल्याशिवाय कार घेता येत नाही, आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत लागते. मे २०२५ मध्ये आपल्या परिवहन मंत्र्यांनीही असंच काहीसं जाहीर केलं. पण आज गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचं त्याने काय होणार? पुण्याने २०१८ मध्ये पार्किंग धोरण आणलं, तेव्हा पैसे घेण्यालाच मोठा विरोध झाला.

आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणंही चूक. आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या रिक्षावाल्या दादांना रस्त्याशिवाय जागाच नाही, आणि रिक्षा हेच त्यांचं पोट. दुसरीकडे काही घरांत पोर्च आहे, पण त्यात जुना सोफा ठेवलाय आणि कार बाहेर! आमच्याही पोर्चमध्ये जुना कूलर आणि भंगार होतं.

आता आमच्या गल्लीत काय ठरलं ते सांगतो. सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. बदल सकाळी आठला, कारण मध्यरात्री कोण उठणार? ३१ आणि १ दोन्ही विषम, त्यामुळे त्या दिवशी गाडी हलवायची गरज नाही. हा बग मीच शोधला. कोपरा कायम रिकामा. काचेवर फोन नंबर. एका कारच्या जागेत पाच-सहा बाईक बसतात, म्हणून बाईकसाठी एक जागा वेगळी. आणि पोर्च असलेल्यांनी आधी पोर्च रिकामा करायचा.

रोज शंभर टक्के पाळलं जात नाही. वादही होतात. शिवाय ही आपसातली समजूत आहे. तिला कायद्याचं बळ हवं असेल तर रहिवाशांनी सह्यांचा अर्ज महापालिका आणि वाहतूक शाखेकडे द्यायला हवा. आमचा अर्ज तयार आहे, सह्या चालू आहेत.

तोवर आज रात्री एवढंच करा. गाडी लावल्यावर मागे वळून बघा: इथून अ‍ॅम्ब्युलन्स जाईल का? नसेल जात, तर गाडी काढा. मी आता फोन सायलेंटवर ठेवून झोपत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गल्लीत काय चाललंय, तेही कळवा!