सडपातळ पोटऱ्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट

शिक्षण, नोकरी किंवा विवाह या निमित्ताने आपल्या समाजातील अनेक मुली आज टोरांटो, शिकागो, लंडन, फ्रँकफर्ट अशा थंड हवेच्या शहरांत वास्तव्यास आहेत. निघताना आई लाडू, पापड, गरम कपडे सारे आठवणीने बांधून देते. बुटांचा विषय मात्र ‘तिकडे गेल्यावर घेऊ’ या शब्दांवर सोडून दिला जातो. पहिला बर्फ पडला की मुली दुकानात जातात आणि तेथे एक अनपेक्षित अडचण उभी राहते. पाऊल नीट बसते, परंतु गुडघ्यापर्यंत येणारी बुटाची नळी पोटरीभोवती बादलीसारखी सैल राहते. त्यात चामडे वर्ज्य असल्यामुळे निवडीला आणखी मर्यादा येते. टोरांटोस्थित माझ्या भाचीने पहिल्याच हिवाळ्यात असे तीन जोड परत केले. ‘तुझे पायच फार बारीक’ असा शेराही तिला एका दुकानात ऐकावा लागला. तिच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि त्यानंतर या विषयाच्या केलेल्या अभ्यासातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे स्पष्ट असावे की दोष पायांत नाही. महिलांच्या सर्वसाधारण उंच बुटांच्या नळीचा घेर बहुधा ३५ ते ३८ सेंटीमीटर ठेवलेला असतो. आपल्याकडील सडपातळ बांध्याच्या मुलीच्या पोटरीचा घेर ३० ते ३२ सेंटीमीटर असणे यात विशेष काही नाही. मग उत्पादक लहान घेर का ठेवीत नाहीत? येथे व्यापाराचा साधा हिशेब आहे. पावलाचे ७ क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकात पोटरीचे ३ घेर ठेवायचे म्हटले, तर एकाच नमुन्याचे २१ प्रकार साठवावे लागतात आणि तितके भांडवल अडकते. त्यातही सैल बूट बारीक पायाची व्यक्ती कसाबसा वापरू शकते, पण घट्ट बूट जाड पायावर चढतच नाही. म्हणून एकच घेर ठेवणारा उत्पादक मोठ्या घेराकडे झुकतो. घोडेस्वारीचे बूट करणारे मात्र एकाच क्रमांकात अनेक घेर व उंची उपलब्ध ठेवतात, कारण स्वाराला सैल नळी चालतच नाही.

सैलपणा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे, असे मानू नये. पोटरी ३० आणि नळी ३६ सेंटीमीटर असेल, तर सभोवती सुमारे १ सेंटीमीटरची पोकळी राहते. पाय एका बाजूला टेकला की दुसऱ्या बाजूला ती २ सेंटीमीटर होते. एवढ्या फटीतून बर्फ आत शिरतो, वितळतो आणि मोजे भिजवतो. नळी खाली घसरून घोट्याशी गोळा होते, चालताना घासते आणि बर्फाळ पायऱ्यांवर पाऊल स्थिर राहत नाही. ज्या गावात तापमान शून्याखाली कित्येक अंश उतरते, तेथे ओले मोजे आणि डळमळते पाऊल ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

माप कसे घ्यावे

खरेदीपूर्वी शिंप्याची कापडी फीत घेऊन दहा मिनिटे द्यावीत. माप शक्यतो सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. दोन्ही पायांची मापे घ्यावीत; त्यांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे आणि बूट मोठ्या मापानुसार निवडावा. घोट्याच्या वरचा बारीक भाग आणि गुडघ्याखालील भाग यांचीही नोंद ठेवावी. त्यानंतर खुर्चीवर बसून, पाऊल जमिनीला सपाट टेकवून, जमिनीपासून गुडघ्यामागील घडीपर्यंतची उंची मोजावी.

ही उंची अनेकजणी विसरतात. आपल्याकडील पाच फूट उंचीच्या मुलीने तिकडच्या उंच स्त्रीसाठी बेतलेला बूट घातला, तर त्याची कड गुडघ्यामागे रुतते. शिवाय नळीचा सर्वांत रुंद भाग तिच्या पोटरीच्या वर जातो आणि सैलपणा वाढतो. अशा मुलीने ‘पोटरीच्या मध्यापर्यंतचे’ म्हणून विकले जाणारे बूटही घालून पाहावेत. तिच्या पायात ते जवळजवळ गुडघ्यापर्यंत येतात आणि त्यांची किंमतही बहुधा कमी असते.

पातळ मोजा घालायचा असेल तर पोटरीच्या मापापेक्षा नळी १ ते २ सेंटीमीटर मोठी असावी. विजार आत खोचायची असेल तर २ ते ३ सेंटीमीटर. म्हणजे ३१ सेंटीमीटरच्या पोटरीला ३३ ते ३४ सेंटीमीटरची नळी पुरेशी होते. बुटाच्या माहितीत दिलेला घेर बहुधा एका मधल्या क्रमांकाचा असतो. पावलाचा क्रमांक वाढला की घेर वाढतो, घटला की तोही घटतो. म्हणून आपल्या क्रमांकाचा घेर विचारून घ्यावा. नळी घट्ट व्हावी म्हणून पावलाचा लहान क्रमांक घेणे मात्र सर्वथा टाळावे. बोटे आवळली गेली की रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गारठतात.

कोणती रचना उपयोगी

सडपातळ पोटरीसाठी सर्वांत सोयीची रचना म्हणजे संपूर्ण नळी ताणल्या जाणाऱ्या कापडाची असलेला बूट. तो मोज्यासारखा अंगासरशी बसतो. त्याखालोखाल मागील बाजूस वरपासून खालपर्यंत नाडी असलेला बूट, जो हवा तेवढा आवळता येतो. वरच्या कडेला पट्टा व बक्कल असेल तर बर्फ आत जाण्याचे तोंड बंद होते. केवळ एका बाजूला लवचीक पट्टी असलेला बूट मात्र नीट पाहून घ्यावा. ती पट्टी बहुतेक वेळा जाड पोटरीसाठी जागा वाढवण्याकरिता असते, कमी करण्याकरिता नव्हे.

पाऊल उत्तम बसत असेल आणि नळी दोन-तीन सेंटीमीटरच सैल असेल, तर कुशल कारागीर मागच्या शिवणीतून किंवा चेनच्या बाजूने ती आत घेऊ शकतो. दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्यात. कृत्रिम चामड्यावर सुईची जुनी छिद्रे बुजत नाहीत, म्हणून एकदा आत घेतलेली नळी पुन्हा सैल करता येत नाही. तसेच जलरोधक बुटाला नवी शिवण घातली की तेथून पाणी झिरपू शकते. साच्यात घडवलेल्या रबरी बुटाला तर हा उपाय लागूच पडत नाही. त्यात उबदार कापडी अस्तरमोजा घालून पोकळी भरावी. असा मोजा एक-दोन सेंटीमीटर सहज भरून काढतो आणि रबराला जी ऊब नसते, तीही देतो.

चामडे टाळताना

अहिंसेच्या दृष्टीने पाहता आज चामड्यावाचून अडण्याचे कारण उरलेले नाही. चार्ल्स गुडइयर यांना रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट १८४४ साली मिळाले आणि १८५३ साली हायरम हचिन्सन यांनी फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. आपल्या कोकणातील शेतकऱ्याच्या पायातला गमबूट त्याच परंपरेतला आहे.

प्रश्न आहे तो ओळखण्याचा. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार पादत्राणांवर वरचा भाग, आतील अस्तर आणि बाहेरील तळ या तिन्हींचे साहित्य चिन्हाने किंवा शब्दांत दाखवावे लागते. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे; त्याच आकृतीत लहान समभुज चौकोन असेल तर लेप दिलेले चामडे; जाळीची आकृती म्हणजे कापड; आणि नुसता समभुज चौकोन म्हणजे अन्य साहित्य. तिन्ही ओळी वाचाव्यात. बाहेरून कापडी दिसणाऱ्या बुटाचे अस्तर चामड्याचे असू शकते. शिवाय एखादे साहित्य त्या भागाच्या किमान ८० टक्के असले की त्याचेच चिन्ह लावले जाते. म्हणजे उरलेल्या भागात चामड्याची पट्टी असणे शक्य आहे. त्यामुळे चिन्ह पाहूनही विक्रेत्याला स्पष्ट विचारणे इष्ट.

अमेरिकेत ‘लेदर अपर, बॅलन्स मॅनमेड’ अशी ओळ आढळते. तिचा अर्थ वरचा भाग चामड्याचा व उरलेले कृत्रिम असा होतो. ‘सुएड’ आणि ‘नुबक’ ही चामड्याचीच रूपे आहेत, तर ‘शीअरलिंग’ म्हणजे लोकरीसह कमावलेले मेंढीचे कातडे. या शब्दांच्या मऊपणावर जाऊ नये.

कृत्रिम साहित्याच्याही मर्यादा आहेत. पीव्हीसी कडाक्याच्या थंडीत ताठ होते. पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिले तर आतून विरघळल्यासारखे होऊन भुगा पडतो. म्हणून परदेशातून आणलेले बूट मुंबईच्या कपाटात ‘पुढे कधीतरी’ म्हणून ठेवू नयेत. वापरात नसतील तर तिकडेच गरजूला द्यावेत.

ज्येष्ठांसाठी एक सूचना

मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आपल्या पिढीसाठी हेच माप आणखी एका कारणाने उपयोगी आहे. वृद्धत्वातील स्नायूंच्या ऱ्हासाचा अभ्यास करणाऱ्या आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली प्राथमिक चाचणीसाठी पोटरीचा घेर सुचवला आहे : पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी. ज्यांचा बांधा तरुणपणापासून सडपातळ आहे, त्यांनी या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु पोटरी वर्षागणिक रोडावत असेल आणि खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठणे कठीण वाटत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आहारातील डाळी-कडधान्ये व नियमित व्यायाम यांकडे लक्ष द्यावे.

नीट बसणारा एक जोड चार सैल जोडांपेक्षा स्वस्त पडतो, आणि अपरिग्रहाच्या विचारालाही तोच जवळचा आहे. येत्या हिवाळ्यात ज्यांच्या घरची मुलगी परदेशी निघणार आहे, त्यांनी सामानाच्या यादीत कापडी फीत अवश्य लिहावी आणि ती निघण्यापूर्वीच पोटरीचा घेर व गुडघ्यापर्यंतची उंची तिच्या वहीत टिपून द्यावी.