पाहुण्याची खोली, यजमानाची किल्ली

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक एकाच वेळी चालविता येतात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. या लहान संगणकांना स्वतंत्र देह नसतो. ते आज्ञावलींनीच उभे केलेले असतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या यंत्रावर ते उभे राहतात तो यजमान आणि ते स्वतः पाहुणे. बँकेचे हिशेब किंवा रुग्णालयाच्या नोंदी पाहुण्याजवळ असतात, यजमान मात्र तिसऱ्याच कंपनीच्या मालकीचा असतो. राहायला खोली मिळाली खरी, पण किल्ली यजमानाच्या कमरेला! त्याच्या घरात चोर शिरला, तर पाहुण्याची पेटीही सुरक्षित नाही.

यावर प्रोसेसर बनविणाऱ्यांनी उपाय काढला. एएमडी कंपनीने २०१६ साली व इंटेलने त्यानंतर पुढे आणलेल्या योजनांत पाहुण्याची मेमरी सांकेतिक लिपीत ठेवली जाते आणि ती उलगडण्याची किल्ली प्रोसेसरच्या आतच राहते. पण तेवढ्याने भागले नाही. इंटेलच्या टीडीएक्स पद्धतीत यजमानाकडील एखाद्या चुकार प्रोग्रामने त्या मेमरीत काही लिहिले, तर पुढे ती जागा वाचताना प्रोसेसर गंभीर दोष जाहीर करतो. प्रसंगी सबंध यजमान यंत्रच बंद पडते. अपराध एकाचा आणि घराबाहेर सगळे पाहुणे! तेव्हा ती मेमरी यजमानाच्या प्रोग्रामांच्या हाती न देणे हेच शहाणपणाचे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, केव्हीएम नावाचा विभाग २००७ पासून पाहुण्यांची व्यवस्था पाहतो. त्याला मार्च २०२४ मधील ६.८ या आवृत्तीत ‘गेस्ट-मेमएफडी’ ही सोय मिळाली. तिच्या पहिल्या रूपात यजमानाच्या प्रोग्रामला ही मेमरी आपल्या पत्त्यांत जोडून घेताच येत नव्हती.

असा बदल कर्नेलमध्ये घेण्यापूर्वी तो सर्वांसमोर मांडला जातो आणि जाणकार त्याची ओळन् ओळ तपासतात. तपासणारा नेमके पाहतो तरी काय? एकच स्थळ घेऊ. पाहुण्याला नको असलेले मेमरीचे पान, सामान्यतः ४०९६ बाइटचे, परत घ्यायचे आहे. आधी पाहुण्याच्या पत्त्यांच्या कोष्टकातून त्याची नोंद खोडली पाहिजे, मगच पान मोकळे केले पाहिजे. क्रम उलटा झाला, तर पान दुसऱ्या कामी लागेल आणि जुन्या पाहुण्याच्या हाती त्याचा पत्ता तसाच राहील.

क्रम बरोबर असला तरी धोका संपत नाही. नोंद खोडल्यानंतर, पण पान मोकळे होण्यापूर्वी, त्याच पाहुण्याचा दुसरा प्रोसेसर तेच पान मागतो आणि खोडलेली नोंद पुन्हा लिहिली जाते! म्हणून तेथे एक क्रमांक ठेवलेला असतो. पान शोधण्यापूर्वी तो टिपून घ्यायचा; नोंद लिहिण्याच्या क्षणी, कुलूप धरून, तो पुन्हा पाहायचा. दरम्यान तो बदलला असेल किंवा खोडण्याचे काम अजून चालू असेल, तर सारे पहिल्यापासून. तपासणारा हेच शोधतो: ही पाहणी कुलपाच्या आत होते की बाहेर? मध्येच काम फसले, तर सुरू केलेले खोडकाम रीतसर मिटविले जाते की तसेच लोंबकळत राहते?

चाचण्यांवर याचा निकाल लागत नाही. ही फट इतकी अल्पकाळ उघडी असते, की लाख वेळा काम बिनबोभाट पार पडावे आणि एखाद्याच वेळी बिघडावे. ती सापडते ती वाचणाऱ्याच्या नजरेला. ज्याचे समाधान होते तो त्या बदलाखाली आपले नाव घालतो आणि ते कायमचे नोंदले जाते.

या सोयीचा तेरावा मसुदा ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडला गेला. त्यात ३५ बदल होते.