परिचर्या, पुरुष रुग्णांची
पुरुष रुग्णांची शुश्रूषा करताना स्त्री-परिचारिकेस येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय यांचा विचार परिचर्याशास्त्रात करण्यात येतो. अंग पुसणे, मलमूत्रविसर्जनास साहाय्य करणे, मूत्रमार्गात नळी घालणे, जांघेतील जखमेची मलमपट्टी करणे इ. कामांत रुग्ण व परिचारिका या दोघांनाही संकोच वाटतो.

क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. महाराष्ट्रात मात्र परपुरुषाचा स्पर्श निषिद्ध मानला जाई. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात विधवांच्या परिचर्याशिक्षणाची सोय केली, ती हा समज डावलूनच.

संकोचाचे परिणाम वैद्यकीय दृष्ट्या गंभीर असतात. रुग्ण लघवी तुंबल्याचे किंवा जांघेतील गळवाचे सांगत नाही. परिचारिकेने टाळलेले काम वॉर्डबॉयकडे जाते. त्यास निर्जंतुक पद्धतीचे शिक्षण नसल्यास मूत्रमार्गात जंतुसंक्रामण होते. माकडहाडावरील शय्याव्रणही वेळीच लक्षात येत नाही. नळी घालताना शिश्नास येणारा ताठरपणा बहुधा प्रतिक्षेपी असतो. त्यावरून कुहेतू गृहीत न धरता काम थोडा वेळ थांबवावे. मस्तकास झालेली इजा, स्मृतिभ्रंश किंवा मद्य अचानक सुटल्याने होणारा भ्रम यांमुळे घडणारे असभ्य वर्तन आणि जाणूनबुजून केलेली लगट यांत भेद करणे आवश्यक असते. तथापि दोहोंपासून परिचारिकेस संरक्षण मिळाले पाहिजे.

ग्रामीण भागात अडचण वेगळी असते. मैदानी प्रदेशात सु. ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र असते व तेथील आरोग्य सेविका घरोघर फिरते. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे या गावाजवळ शिक्रापूर, सणसवाडी व रांजणगाव येथे कारखाने आहेत. अशा परिसरात परगावचे कामगार भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहतात. शेतकऱ्याच्या घरी रुग्णाची आई वा पत्नी जवळ असते. या खोल्यांत कोणी स्त्री नसते. तेथे सेविकेसोबत पुरुष आरोग्य सेवक किंवा आशा कार्यकर्ती असणे इष्ट ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी ते समजावून सांगून रुग्णाची संमती घेणे, पडदा लावणे, आवश्यक तेवढाच भाग उघडा करणे, दुसरी व्यक्ती जवळ ठेवणे व अनुचित प्रकाराची लेखी नोंद करणे हे मुख्य उपाय होत. ‘काका’, ‘दादा’ अशा संबोधनाने संकोच कमी होतो. परंतु ते संरक्षण नव्हे. पडदा, सोबतीस माणूस आणि पुरुष-परिचारक पुरविणे हे संस्थेचे काम आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या अधिनियमानुसार परिचारिकेवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र अपराध आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय अधिनियमान्वये तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही कर्मचारी स्त्रीस सुरक्षित ठेवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. यात रुग्ण व त्याचे नातेवाईकही येतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येतात.