संगणकीकरण आणि विजेची काटकसर

ग्रामीण शाळांच्या संगणकीकरणात यंत्राच्या किमतीचा विचार होतो; त्याला लागणाऱ्या विजेचा सहसा होत नाही. रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाडा येथील शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ उपक्रमाखाली मुलांना मिळालेल्या संगणकांत मात्र हा विचार मुळापासून केलेला होता. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या या संगणकाला अवघी काही वॅट वीज पुरत असे. मूल पडद्यावरील मजकूर वाचत असताना प्रोसेसर थांबवून पडदा तेवढा चालू ठेवण्याची सोय त्यात होती. भर उन्हात पडद्यामागील दिवाही बंद करता येई.

हेच तत्त्व साध्या संगणकालाही लागू पडते. पूर्वी काम नसतानाही लिनक्स प्रणाली प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा जागे करीत असे. २००७ च्या २.६.२१ या आवृत्तीपासून हे टाळता येऊ लागले. त्याच वर्षी इंटेलने आणलेले ‘पॉवरटॉप’ हे मोफत साधन कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला वारंवार जागवतो, ते दाखविते. पडद्याचा उजेड कमी करणे व रिकामा संगणक निद्रावस्थेत नेणे, हे उपायही बिनखर्चाचे आहेत.

१०० वॅटचा संगणक रोज ८ तास, वर्षातील २५० दिवस चालल्यास २०० युनिट वीज खर्च होते. निम्मा वेळ तो निद्रावस्थेत राहिल्यास सुमारे १०० युनिट वाचतात. दहा संगणकांमागे सुमारे हजार. म्हणूनच शासकीय खरेदीच्या निविदेत किमतीबरोबर वार्षिक वीजवापरही तपासला जाणे हिताचे ठरेल. जेथे वीज अपुरी आहे, तेथे वाचलेली वीज म्हणजे विद्यार्थ्यांना मिळालेला अधिक वेळ होय.