नोकरीच्याही याद्या व्हाव्यात

आपल्याकडे लग्नाच्या याद्या करताना मानपानाची टोपी-उपरणीसुद्धा कागदावर उतरतात. मग ज्या कचेरीत माणूस वर्षानुवर्षे नांदणार, तिच्याशी बोलताना “हातात किती पडणार?” एवढाच प्रश्न का?

गेल्या महिन्यात माझा भाचा नव्या कंपनीचे नेमणूकपत्र घेऊन आला. मूळ पगार 39,000 वरून 50,000! स्वारी खुशीत होती. माझा जन्म हिशेब लिहिण्यात गेलेला. नजर गेली प्रॉव्हिडंट फंडाच्या रकान्याकडे. तिथे कंपनीची वर्गणी होती 1,800 रुपये. आकडा ओळखीचा. 1952 च्या कायद्यातील पगाराची मर्यादा 2014 साली 15,000 झाली. तिचे 12 टक्के म्हणजे 1,800. मालकाने तेवढे भरले की कायदा तृप्त. पण तीच वर्गणी पूर्ण मूळ पगारावर धरली तर होतात 6,000. वर्षाला फरक 50,400 चा! हे पैसे बहुधा भत्ता म्हणून हाती येतात, हे खरे. पण हाती आलेले हातातच विरघळतात, असा आमच्या घरचा तरी अनुभव आहे.

दुसरी बाब ग्रॅच्युइटीची. कायम नोकराला ती साधारणपणे सलग पाच वर्षांनी मिळते. दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. भाच्याची जुन्या जागी साडेचारच वर्षे झालेली. म्हणजे सहा महिने आधी उठल्यामुळे 1,12,500 रुपयांवर पाणी!

“मामा, एवढं मागितलं तर ते पत्रच परत घेतील.”

“अरे, पत्र दिलं म्हणजे तू त्यांना हवा आहेस. रुजू झाल्यावर कोण ऐकणार? नम्रपणे विचार, आणि उत्तर लेखी घे.”

त्याने विचारले. भत्त्यातून वळवून फंड पूर्ण मूळ पगारावर धरायला ते लगेच राजी झाले. ग्रॅच्युइटीची भरपाई मात्र 60,000 वर अडली. तीही वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. उरलेले 52,500 बुडाले खरे, पण वाढीव पगारातून ते पाच महिन्यांत निघतील, असा हिशेब करून आम्ही होकार कळवला.

जुना फंड काढून स्कूटर घ्यायचा त्याचा बेत होता. पाच वर्षे भरण्याआधी काढलेल्या फंडावर प्राप्तिकर लागतो आणि शिल्लक त्याच यूएएन क्रमांकावर नव्या खात्यात नेता येते, हे कळल्यावर स्कूटर पुढच्या दिवाळीवर गेली.