फक्त एक अंगठा आणि ८२ हजार डॉलरचा फटका! प्रॅग्मॅटिक्स म्हणजे नक्की काय?

समजा, तुम्ही ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकलाय. शनिवारी कुठे जायचं, कोणाची गाडी, प्रत्येकी किती पैसे काढायचे, सगळं. आणि एका मित्राचं उत्तर येतं, 'ओके.' तेही मागे पूर्णविराम देऊन. झालं! आता हा चिडलाय की नुसता घाईत आहे?

'ओके'चा अर्थ कोणालाही माहीत असतो. तरीही प्रश्न पडतो, कारण आपण शब्दाचा अर्थ शोधत नसतो, तर तो शब्द पाठवणाऱ्याच्या मनात काय आहे ते शोधत असतो. भाषेच्या अभ्यासात यासाठी एक वेगळी शाखाच आहे. तिचं नाव प्रॅग्मॅटिक्स. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आधी काय बोलणं झालंय, यावरून बोलण्याचा अर्थ कसा ठरतो ते ही शाखा बघते. नाव जड आहे, पण हे काम आपण सगळेच दिवसभर करत असतो.

आणि यात चूक झाली तर ती महागात पडू शकते.

जवस, अंगठा आणि कोर्ट

ही केस कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातली. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याशी जवसाचा सौदा फोनवर बोलून घेतला. माल सुमारे ८७ टन, नोव्हेंबरमध्ये द्यायचा. मग त्याने करारावर सही केली, त्याचा फोटो काढून शेतकऱ्याला पाठवला आणि खाली लिहिलं की करार कन्फर्म करा. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी पाठवला. बस, एवढंच.

नोव्हेंबर आला, माल काही आला नाही. तोपर्यंत जवसाचा भाव दुपटीहून जास्त वाढला होता. कंपनी कोर्टात गेली. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, 'अंगठा म्हणजे फोटो मिळाला, इतकंच. मी करार मान्य केला नव्हता.' कंपनीचं म्हणणं, अंगठा म्हणजे मान्य.

आता गंमत बघा. कोर्टाने एका ऑनलाइन डिक्शनरीत अंगठ्याच्या इमोजीचा अर्थही पाहिला. पण निकालात खरं वजन पडलं ते दुसऱ्याच गोष्टीला. या दोघांमध्ये आधीही असेच सौदे झाले होते. तेव्हाही कराराचा फोटो यायचा, शेतकरी 'ओके', 'यप', 'लुक्स गुड' असं काहीतरी छोटंसं लिहायचा आणि माल पोचवायचा. म्हणजे या दोघांच्या व्यवहारात छोटं उत्तर म्हणजे होकार, हे आधीच ठरून गेलेलं होतं. २०२३ मध्ये कोर्टाने ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपील कोर्टानेही बहुमताने तोच निकाल कायम ठेवला.

याचा अर्थ अंगठा म्हणजे नेहमीच सही, असा मुळीच नाही. तोच अंगठा एखाद्या अनोळखी माणसाला पाठवला असता तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. अर्थ त्या चित्रात नव्हता, दोघांच्या आधीच्या वागण्यात होता.

न सांगितलेलं कळतं कसं?

ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत याचं उत्तर मांडलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: बोलताना आपण धरून चालतो की समोरचा आपल्याला सहकार्य करतोय. तो खरं बोलेल, पुरेसं बोलेल, विषयाला धरून बोलेल आणि स्पष्ट बोलेल. यातलं काही मोडल्यासारखं दिसलं की आपण लगेच 'यामागे काय असेल?' असं शोधायला लागतो.

उदाहरण घ्या. तुम्ही विचारलं, "तुझा नवा रूममेट कसा आहे रे?" उत्तर आलं, "भाडं वेळेवर देतो." यात वाईट शब्द एकही नाही. पण पुरेसं सांगितलेलं नाही, आणि ते मुद्दाम, हे तुम्हाला कळतं. रूममेटबद्दल कळायचं ते कळलंच!

ग्राइस यांच्या आधी, १९५५ मध्ये, हार्वर्डमध्येच जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवलं होतं की बोलणं म्हणजे नुसती माहिती देणं नव्हे, ते एक काम करणंही असतं. 'शब्द देतो', 'राजीनामा देतो', 'पैज लावतो' म्हटलं की ते काम त्या बोलण्यानेच होतं. त्या अंगठ्याचा सगळा वाद याच प्रश्नावर होता: ती नुसती पोच होती की करार?

मराठीत तर पावलोपावली

घराबाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो. निघालोय, पण म्हणायचं 'येतो'. 'जातो' म्हटलं की आजी ओरडलीच समजा. नारळ आपण फोडत नाही, 'वाढवतो'. आणि काकांना काही मागितल्यावर ते "बघू" म्हणाले, तर तो बहुतेक वेळा नकार असतो, हे लहान मुलालाही कळतं.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो 'आम्ही' आणि 'आपण'मधला फरक. "आम्ही रविवारी सिंहगडावर जातोय" असा मेसेज आला तर तुम्हाला बोलावणं नाही. "आपण रविवारी सिंहगडावर जातोय" आला तर बूट शोधायला लागा. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच 'वुई'. तिथे हे संदर्भावरून ओळखावं लागतं.

चॅटमध्ये काय हरवतं?

समोरासमोर बोलताना आवाजाचा चढउतार असतो, चेहरा असतो. टाइप करताना हे सगळं गायब. म्हणून लोकांनी पर्याय शोधले. १९ सप्टेंबर १९८२ ला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदी मेसेजला अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा लावावा. कारण काय, तर तिथल्या कॉम्प्युटरवरच्या चर्चेत थट्टा कोणती आणि गंभीर कोणतं तेच कळत नव्हतं.

आणि त्या 'ओके'च्या मागचा पूर्णविराम? त्यावरही अभ्यास झालाय. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. टेक्स्ट मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर तसा फरक पडला नाही. अभ्यास इंग्रजीतला आणि विद्यार्थ्यांपुरता आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या मावशी पूर्णविराम देतात तो शाळेत तसं शिकवलंय म्हणून. त्यांचा अंगठाही बहुधा 'छान बाळा' असाच असतो.

मग मशीनचं काय?

"जरा टायमर लावता येईल का?" असं तुम्ही फोनला विचारता, तेव्हा 'हो, येईल' म्हणून तो गप्प बसला तर काय उपयोग? वाक्य प्रश्नाचं, पण काम विनंतीचं. व्हॉइस असिस्टंट बनवणाऱ्यांना हे खास शिकवावं लागतं. २०१८ मध्ये गूगलने ड्युप्लेक्सचा डेमो दाखवला, त्यात मशीन सलूनमध्ये फोन करून मध्येच 'हं' म्हणालं. माणूसच वाटावं असं ते बोलणं होतं, आणि समोरच्याला मशीन आहे हे सांगायला नको का, यावर मोठी टीकाही झाली.

भाषांतराच्या अॅपची अडचण आणखी वेगळी. एकटं 'वुई' दिलं तर ते 'आम्ही' की 'आपण', आणि 'यू' दिलं तर 'तू' की 'तुम्ही', हे त्या शब्दात लिहिलेलंच नसतं. अॅप आजूबाजूची वाक्यं बघून अंदाज लावतं. मेसेज सरांना जाणार आहे की वर्गमित्राला, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. म्हणून 'सेंड' दाबण्याआधी एवढे दोन शब्द स्वतः तपासा. बाकीचं चुकलं तर सर हसतील, 'तू' गेलं तर नाही.