गिटारची शिट्टी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संकेश्वर, हुक्केरी, निपाणी, पलीकडं गडहिंग्लज या पट्ट्यात गणपतीपासून उन्हाळ्यातल्या लग्नसराईपर्यंत गिटारला काम असतं. कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतं, कुणी बेंजो पार्टीत, कुणी कॉलेजच्या गॅदरिंगला. एकाच रात्री मराठी, कन्नड आणि हिंदी गाणी होतात. वाजवणारा कुठलाही असो, तक्रार एकच असते. घरी पेडलवर झकास वाजणारी गिटार मांडवात ड्रमसेटच्या शेजारी आली की कुई करायला लागते. मग पेडल बदलतात, वायर बदलतात, साउंडवाल्याशी वाद होतो. पैसे जातात आणि शिट्टी राहते. ती नेमकी कुठून येते हे न बघता उपाय सुरू केला तर असंच होणार.

शिट्टीला एक फेरा लागतो. तार हलते, पिकअप ती हालचाल पकडतो, पेडल ती वाढवतं, ॲम्प्लिफायर आणखी वाढवतो, बॉक्समधून आवाज येतो आणि हवेतून जाऊन पुन्हा तारेला हलवतो. एक फेरी मारून परत आलेला आवाज मूळच्यापेक्षा किंचित जरी मोठा असेल आणि त्याची लाट मूळ लाटेशी जुळत असेल, तर तो प्रत्येक फेरीला वाढतो. क्षणात शिट्टी बसते. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून या प्रकाराला, म्हणजे फीडबॅकला, लार्सन इफेक्ट म्हणतात. हा फेरा कुठंतरी तोडायचा, एवढंच आपलं काम. पण कुठं तोडायचा याबद्दलच सगळे गैरसमज आहेत.

गैरसमज : पेडल स्वस्तातलं आहे, म्हणून शिट्टी येते.

महागडं पेडलही तितकीच शिट्टी देतं, कारण डिस्टॉर्शनचं कामच तसं आहे. ते बारीक सिग्नल भरपूर वाढवतं आणि मोठा सिग्नल वरून छाटतं. त्यामुळे बॉक्सच्या आवाजानं तारेला आलेली बारीक थरथर आणि तुम्ही जोरात मारलेला स्ट्रोक यांच्यातलं अंतर जवळजवळ उरत नाही. २० डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहापट. तेवढं वाढवणारी दोन पेडलं एकापाठोपाठ चालू केली की बारीक सिग्नल शंभरपट होतो. कंप्रेसरचंही तसंच आहे. तुम्ही वाजवायचं थांबलात की तो पुन्हा पूर्ण उघडतो. दोन ओळींमधल्या शांत जागेत शिट्टी येते ती यामुळेच.

गैरसमज : घरी जमवलेलं सेटिंग स्टेजवरही चालतं.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं, म्हणून इथं जरा थांबतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली कानाच्या ऐकण्याची मोजमापं प्रसिद्ध केली. आवाज लहान असतो तेव्हा कानाला खर्ज आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात, असं त्यातून दिसलं. आवाज मोठा होत गेला की हा फरक कमी होतो. आता घरातल्या खोलीचा विचार करा. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बारीक ठेवलेला असतो. गिटार पातळ वाटते, म्हणून बेस वाढवला जातो, ट्रेबल वाढवला जातो, मिड खाली येतो. आवाजात दम नाही म्हणून गेनही शेवटपर्यंत जातो. कानाला ते छान लागतं.

तेच सेटिंग बँडच्या आवाजात उघडलं की वाढवलेला बेस गिटारच्या लाकडाला हलवतो आणि वाढवलेला ट्रेबल पिकअपमधून शिट्टी काढतो. मिड काढून टाकल्यामुळे गिटार गर्दीत ऐकूच येत नाही. खाली बेस गिटार आणि ढोल-ड्रम असतात, वर झांजा. गिटारची जागा मधली, आणि तीच आपण रिकामी केलेली असते. मग साउंडवाल्याला हाक जाते, “अण्णा, गिटार वाढवा की वाईच.” अण्णा वाढवतात आणि कुई सुरू होते.

उपाय फुकटचा आहे. पेडलची सेटिंग ड्रमर वाजवत असताना, खऱ्या आवाजात करायची. गेन घरच्यापेक्षा निम्म्यावर आणून बघा. मोठ्या आवाजात बॉक्स आणि कान मिळून जो भारदस्तपणा देतात, तो घरी आपण गेननं भरून काढत असतो. स्टेजवर त्याची गरज नसते. बेस आणि ट्रेबल उतरवा, मिड चढवा. तेवढ्यानं गिटार पुढं येते आणि एकूण आवाज कमी ठेवता येतो. ज्यांना एकच प्रोसेसर वापरायचा आहे त्यांनी घरचं आणि स्टेजचं असे दोन वेगळे पॅच ठेवावेत.

गैरसमज : शिट्टी ती शिट्टी, सगळ्या सारख्याच.

हा तर हातानं तपासता येतो. शिट्टी चालू असताना सगळ्या तारांवर तळहात घट्ट ठेवा. शिट्टी थांबली, तर फेरा तारांतून जातोय. बॉक्सपासून लांब व्हा, गेन उतरवा, वाजवत नसताना हात तारांवरच ठेवायची सवय लावा.

तारा दाबूनही वरच्या पट्टीतली तीक्ष्ण शिट्टी तशीच राहिली, तर संशय पिकअपवर घ्या. आतल्या तांब्याच्या बारीक तारेचे वेढे सैल असतील किंवा धातूचं झाकण ढिलं असेल, तर पिकअप स्वतःच थरथरतो. अशा पिकअपवर नखानं टकटक करा, बॉक्समधून स्पष्ट ऐकू येईल. त्याला पॅराफिन मेणात बुडवून वेढे पक्के करतात. मेण साधारण ६५ अंशांवर, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, थेट आचेवर कधीही नाही. मेण पेटतं, आणि फार तापलं तर पिकअपचं प्लॅस्टिक वाकतं. हात बसलेला नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावं.

आता गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज फिरत, वाढत राहिला, तर डिलेकडे बघा. डिलेचं रिपीटचं बटण एका मर्यादेपुढं नेलं की प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि पेडल आतल्या आत ओरडत राहतं. हा फेरा हवेतून जातच नाही. त्यामुळे गिटार फिरवून, जागा बदलून काही होणार नाही. बेंजोवाल्यांना हे जास्त भोवतं, कारण त्यांना लांब डिले हवा असतो.

आणि पुष्कळदा शिट्टी गिटारची नसतेच. गायकाचा माईक समोरच्या मॉनिटरमधून फिरत असतो आणि सगळे गिटारवाल्याकडे बघतात. ऑपरेटरनं एकेक चॅनल क्षणभर बंद केला की खरं काय ते लगेच कळतं.

गैरसमज : घूं असा आवाज येतोय म्हणजे फीडबॅकच, अर्थिंगची पिन काढली की जातो.

घूं हा फीडबॅक नाही. तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा, बहुतेक वेळा अर्थिंगच्या घोळाचा आवाज आहे. गिटार आणि मिक्सर वेगवेगळ्या जागच्या अर्थिंगवर असले की असं होतं. दोन्ही एकाच बोर्डावर घेऊन बघा. पिन मोडणं किंवा तीन पिनच्या जागी टू-पिन लावणं मात्र जिवावरचं काम आहे. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्प्लिफायरच्या बॉडीला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरमध्ये करंट उतरला आणि अर्थ नसला, तर तो करंट तुमच्या बोटांपर्यंत येऊन थांबतो. हात तारांवर असताना ओठ माईकच्या जाळीला लागले की वाट पूर्ण होते. जत्रेत जनरेटर, ओली जमीन, टेप गुंडाळलेले जोड, हे सगळं ओळखीचं आहे. ज्या बोर्डावरून वाद्यांना वीज घेतली जाते त्याला करंट उतरताच तोडणारा ब्रेकर असलाच पाहिजे, आणि तो नाही म्हणून वाजवायला नकार देणाऱ्या कलाकाराला कुणीही नखरेबाज म्हणू नये.

याच गोंधळातून दुसरी समजूत निघते की हंबकर पिकअप लावला म्हणजे शिट्टी जाते. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर तयार केला तो विजेची गुणगुण मारण्यासाठी. तारेची थरथर तो पकडणारच, त्यासाठीच तर तो आहे.

गैरसमज : नॉइज गेट घेतला की प्रश्न मिटला.

गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो. तुम्ही थांबलात त्या क्षणी तो मिटला, तर शिट्टी सुरूच होत नाही, हे खरं. पण शिट्टी एकदा बसली की तिची पातळी गेटच्या कितीतरी वर असते, आणि गेटच्या दृष्टीनं ते चालू वाजवणंच असतं. तो उघडाच राहतो. लांबवलेल्या सुरावर आलेली शिट्टी त्यानं थांबत नाही. गेट फार वर चढवला तर सुरांची शेपटी कापली जाते आणि गाणं तुटक वाटतं. फीडबॅक मारणारी आपोआप चालणारी यंत्रंही अशीच मर्यादित आहेत. शिट्टीच्या सुराभोवतीची एक अरुंद पट्टी ती कापतात. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ठीक, पुढं गिटारचा रंगच उतरतो.

गैरसमज : जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर असला की कमी गेनवर भागतं आणि शिट्टी येत नाही.

फेरा वॉट बघत नाही, तारेपर्यंत आवाज किती पोचतो ते बघतो. ५० वॉटचा १०० वॉट केला तर फरक ३ डेसिबलचा. उलट उघड्या मैदानात बॉक्सपासूनचं अंतर एक मीटरचं दोन मीटर केलं की तारेवर येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. दोन पावलं मागं सरकणं म्हणजे वॉट एक चतुर्थांश करण्यासारखं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. फरशीच्या, पत्र्याच्या छपराच्या मंगल कार्यालयात भिंतींवरून आवाज परत येतो, तिथं एवढा फायदा मिळत नाही. म्हणून मैदानावर जमलेलं सेटिंग कार्यालयात पुन्हा तपासावं लागतं.

ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवला तर त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर जातो. त्याला स्वतःची गिटार ऐकू येत नाही, तो वाढवत सुटतो. खुर्चीवर ठेवा, थोडा मागं कलता करा, बॉक्सचं तोंड कानाकडे येऊ द्या. बहुतेक वेळा आवाज आपोआप कमी केला जातो. थोडं बाजूला सरकल्यावर शिट्टीचा सूर का बदलतो, याचंही कारण साधं आहे. ४४० हर्ट्झच्या सुराची लाट हवेत सुमारे ७८ सेंटिमीटर लांब असते. तुम्ही अर्धी लाट, म्हणजे जेमतेम हातभर सरकलात की त्या सुराची जुळणी बिघडते आणि दुसऱ्या एखाद्या सुराची जमते.

बेंजोबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. जपानमधल्या नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली केलेल्या ताइशोगोतो या वाद्यातून आपला बेंजो आला. त्याची पेटी पोकळ, आणि त्यावर आपण पिकअप बसवला. पोकळ पेटी बॉक्सच्या आवाजानं तारेपेक्षा आधी थरथरते, म्हणून बेंजो गिटारच्या आधी कुई करतो. पेटीत स्पंज भरा, भोकं झाका. बी. बी. किंग आपल्या पोकळ गिटारची भोकं कापडानं बुजवत असत, आणि १९८० साली गिब्सननं त्यांच्या नावाची गिटार काढली ती भोकांशिवायच. अकूस्टिक गिटारलाही तेच लागू. तिच्या पोटातल्या हवेचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. भोकावर रबराची चकती बसवून मिक्सरवर तेवढीच पट्टी उतरवली की गिटार बरीच शांत होते.

फीडबॅक म्हणजे नेहमी वाईटच, हेही खरं नाही. बीटल्सनी १९६४ साली ‘आय फील फाइन’ची सुरुवातच त्यानं केली, आणि १९६९ साली वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सनं त्यातून एक अख्खी भाषा उभी केली. पण त्यांना तो हवा तेव्हा आणता आणि थांबवता येत होता.

साउंड चेकला आपल्याकडे बहुतेक जण साध्या आवाजावर दोन कॉर्ड वाजवून “ओके” म्हणतात. त्यानं काहीच तपासलं जात नाही. सोलोसाठी जी पेडलं एकदम दाबता ती सगळी दाबा, गायकांचे माईक उघडे ठेवा, ड्रमरला वाजवू द्या. कार्यक्रमात जिथं उभे राहणार तिथंच उभे राहा आणि वाजवून थांबा. त्या थांबलेल्या तीन-चार सेकंदांत शिट्टी आली नाही, तर मुख्य कार्यक्रमातही ती येण्याची शक्यता फार कमी. आली, तर हात आधी तारांवर ठेवा आणि मग व्हॉल्यूमच्या बटणावर.